सूर्याला मोटेला जुंपणारा फ्रँक शूमन

१९१३ सालचा जुलै महिना. कैरोच्या दक्षिणेला, नाईल नदीकाठी मआदी नावाचं गाव. तिथल्या उघड्या जमिनीवर आरशांच्या पाच लांबच लांब रांगा मांडल्या होत्या. एकेक रांग सुमारे ६२ मीटर लांब आणि चार मीटर रुंद. घराच्या छपराखाली पावसाचं पाणी धरायला पन्हळ लावतात ना, तशीच ही पन्हळ, फक्त प्रचंड मोठी, आतून आरशांनी मढवलेली आणि तोंड सूर्याकडे केलेली. प्रत्येक पन्हळीच्या मधोमध वर एक लांबट बॉयलर. त्यातली वाफ इंजिनात जात होती, इंजिन पंप चालवत होतं आणि पंप नाईलचं पाणी उचलून शेजारच्या कापसाच्या शेतात टाकत होता. कोळशाचा ढीग नाही, धूर नाही, भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारा माणूस नाही. हे पाहायला इजिप्तमधले इंग्रज अधिकारी आणि बडी मंडळी जमली होती.

मोठ्या आकारावर चाललेलं जगातलं हे पहिलं सौरऔष्णिक केंद्र. ते उभं करणारा माणूस प्राध्यापक नव्हता, शास्त्रज्ञ नव्हता, धड शिकलेलाही नव्हता. तो अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा एक काचवाला होता. त्याचं नाव फ्रँक शूमन.

शूमनपर्यंत मी पोचलो ते बाबांच्या एका प्रश्नामुळे. मी दुबईत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेल्या हिवाळ्यात आई-बाबा इकडे आले, तेव्हा बुर्ज खलिफा आणि गोल्ड सूक झाल्यावर त्यांना शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर सैह अल दहलच्या वाळवंटात घेऊन गेलो. तिथे मोहम्मद बिन राशिद अल मकतूम सोलर पार्क आहे. बाबांची सगळी नोकरी वीज खात्यात गेली, त्यामुळे त्यांना बुर्जपेक्षा हेच जास्त आवडणार हे ठाऊक होतं. या पार्कच्या चौथ्या टप्प्यात ९५० मेगावॉटची सोय आहे. त्यातले ६०० मेगावॉट आरशांच्या पन्हळींचे, १०० मेगावॉट एका उंच मनोऱ्याचे आणि २५० मेगावॉट आपल्या ओळखीच्या सोलर पॅनेलचे. आरशांनी गोळा केलेली उष्णता वितळलेल्या मिठात साठवतात आणि सूर्य मावळल्यावर तिच्यापासून वीज करतात. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, की पॅनेल ठीक आहे, पण हे पन्हळीचे आरसे आधी कोणाच्या डोक्यातून निघाले? तिथून माझं वाचन सुरू झालं, ते थेट मआदीला जाऊन थांबलं.

शूमनचा जन्म २३ जानेवारी १८६२ रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये झाला. घराणं मूळचं जर्मन. शाळेत तो जेमतेम काही वर्षं गेला, बाकीचं शिक्षण पुस्तकं वाचून आणि हाताने कामं करून झालं. अठराव्या वर्षाच्या आसपास तो रंग बनवणाऱ्या एका कंपनीत रसायनांचं काम करू लागला. पुढे त्याला काकांनी फिलाडेल्फियाला बोलावून घेतलं. काका टॅकोनी या भागातल्या लोखंड-धातूच्या मोठ्या कारखान्याचे प्रमुख होते. फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलच्या मनोऱ्यावर विल्यम पेनचा ३७ फुटी ब्राँझचा पुतळा उभा आहे, तो याच कारखान्यात ओतला गेला. त्या मनोऱ्याच्या धातूकामाला मुलामा देण्याच्या कामात तरुण शूमनचा हात होता. आपल्याकडे जशी मुलं मामाच्या नाही तर काकाच्या वर्कशॉपमध्ये राहून हुन्नर शिकतात, तसाच हा.

पण त्याला पैसा मिळाला तो काचेतून. त्या काळी कारखान्यांच्या आणि स्टेशनांच्या छपरांना उजेडासाठी मोठमोठ्या काचा बसवत. काच फुटली की तुकडे खालच्या माणसांच्या डोक्यावर. शूमनने वितळलेल्या काचेत तारेची जाळी दाबून बसवायची यांत्रिक पद्धत काढली. अशी काच तडकली तरी जाळी तुकड्यांना धरून ठेवते. १८९२ मध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं. जुन्या इमारतींच्या जिन्यांच्या खिडक्यांत आणि लिफ्टच्या दारांत चौकटी-चौकटीची जाळी असलेली काच तुम्हीही पाहिली असेल, ती हीच. पुढे त्याने काँक्रीटचे पाईल जमिनीत घालायची पद्धत काढली, दोन काचांमध्ये पातळ पापुद्रा चिकटवून न विखुरणारी काच बनवायच्या उद्योगातही तो शिरला. टॅकोनीत त्याने मोठं घर घेतलं आणि त्याच आवारात प्रयोगशाळा थाटली. पन्नाशी गाठायच्या आत त्याच्याकडे नाव होतं, पैसा होता आणि रोज सकाळी कोणाची चाकरी करायची गरज नव्हती. अशा वेळी तो सूर्याच्या मागे लागला.

सूर्याच्या उष्णतेवर इंजिन चालवायची कल्पना शूमनची नव्हे. त्याच्या आधी फ्रान्समध्ये ऑगस्टिन मूशो यांनी शंकूच्या आकाराच्या आरशाने वाफ करून १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सगळ्यांना थक्क केलं होतं. अमेरिकेत जॉन एरिक्सन या नामांकित इंजिनिअरने अनेक वर्षं यात घालवली. आणि मला सगळ्यात सुखावून गेलेली गोष्ट म्हणजे या यादीत आपली मुंबई आहे! मुंबई हायकोर्टाचे डेप्युटी रजिस्ट्रार असलेले विल्यम अॅडम्स नावाचे इंग्रज गृहस्थ १८७० च्या दशकात मिडल कुलाब्याच्या आपल्या बंगल्याच्या आवारात सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून सूर्याची उष्णता एका बॉयलरवर टाकत होते. त्या वाफेवर त्यांनी अडीच अश्वशक्तीचं इंजिन चालवलं आणि शहरातल्या लोकांना बोलावून दाखवलं. उष्ण देशात सरपण आणि कोळसा महाग, ऊन मात्र फुकट, तर त्याचा उपयोग का करू नये, हा त्यांचा साधा मुद्दा होता. त्यावर त्यांनी १८७८ मध्ये पुस्तकही लिहिलं. पुढे ते सगळं विसरलं गेलं. कुलाब्याहून रोज बसने जाणाऱ्या लोकांना त्याचा पत्ताही नाही.

मग शूमनने वेगळं काय केलं? माझ्या मते त्याचं खरं वेगळेपण इथे आहे. आधीची बहुतेक मंडळी जास्तीत जास्त तापमान गाठायच्या मागे होती. त्यासाठी मोठे गोल किंवा शंकूसारखे आरसे, ते सूर्यामागे दोन दिशांनी फिरवणारी गुंतागुंतीची यंत्रणा आणि हे सगळं पेलणारा भक्कम सांगाडा लागे. ऑब्री इनीस नावाच्या संशोधकाने कॅलिफोर्नियात १७८८ छोट्या आरशांची अवाढव्य छत्री उभारली होती. तसली यंत्रं त्याने अॅरिझोनातही विकली, पण वादळवाऱ्यापुढे ती टिकली नाहीत. शूमन धंदेवाईक माणूस होता. त्याने प्रश्नच उलटा मांडला. यंत्राची कार्यक्षमता किती, हे त्याने आधी पाहिलं नाही. एक अश्वशक्ती मिळवायला पैसे किती पडतात आणि कोळशाला किती पडतात, एवढाच हिशेब त्याने धरला. उष्णता थोडी वाया गेली तर जाऊ दे, ती कुठे विकत आणली आहे? पण यंत्र स्वस्त हवं, जमिनीलगत हवं म्हणजे वाऱ्याने उडणार नाही, आणि साध्या कामगारांना जिथल्या तिथे उभारता येईल असं हवं.

१९०७ मध्ये त्याने टॅकोनीच्या आवारात पहिलं यंत्र मांडलं. जमिनीवर एक उथळ, काचेने झाकलेली पेटी, आत काळ्या रंगाच्या नळ्या आणि नळ्यांत पाण्याऐवजी ईथर. पाणी उकळायला १०० अंश लागतात, ईथर जेमतेम ३५ अंशांना उकळतं. त्यामुळे आरशांनी ऊन एकवटल्याशिवायही नळ्यांतल्या ईथरची वाफ झाली आणि तिच्यावर सुमारे साडेतीन अश्वशक्तीचं छोटं इंजिन चाललं. उन्हात लावून ठेवलेल्या बंद गाडीत बसताना आपल्याला जो चटका बसतो, त्याच तत्त्वावर हे चालत होतं. आखातात राहणाऱ्यांना तर हे मुद्दाम सांगायला नको.

१९०८ मध्ये शूमनने सन पॉवर कंपनी स्थापन केली. या सालाला आमच्याकडे दुसरंही एक महत्त्व आहे. त्याच वर्षी इथून आखाताच्या पलीकडे, इराणमधल्या मशीद सुलेमान इथे तेल लागलं. मध्यपूर्वेतलं ते पहिलं मोठं तेलक्षेत्र. सूर्याची कंपनी आणि तेलाची विहीर, दोन्ही एकाच साली कामाला लागल्या. त्यांचा एकमेकांशी सामना होणार आहे, हे तेव्हा कोणाला दिसलं असेल असं वाटत नाही.

पुढची दोन-तीन वर्षं शूमन यंत्र सुधारत राहिला. ईथर सोडून तो पाण्यावर आला, पेट्यांच्या दोन्ही बाजूंना साधे सपाट आरसे लावले आणि अगदी कमी दाबाच्या वाफेवर चालणारं खास इंजिन बनवून घेतलं. १९११ मध्ये टॅकोनीत सुमारे दहा हजार चौरस फुटांचं मोठं संयंत्र उभं राहिलं. ते मिनिटाला हजारो लिटर पाणी सुमारे १० मीटर उंच चढवत होतं. पण फिलाडेल्फियाचं ऊन कितीसं? वर्षातले कित्येक महिने ढग नाही तर बर्फ. आणि पेनसिल्व्हेनिया म्हणजे तर कोळशाची खाणच. तिथे सूर्याचं इंजिन विकणं म्हणजे कोकणात नारळ विकायला नेणं. शूमनला वाळवंट हवं होतं, कोळसा महाग असलेला देश हवा होता आणि पाण्याची गरज असलेली शेती हवी होती. या तिन्ही गोष्टी इजिप्तमध्ये एकत्र होत्या. तिथला कोळसा इंग्लंडहून बोटीने यायचा. नाईलचं पाणी शेतकरी पूर्वापार हाताने नाही तर बैलांच्या रहाटगाडग्याने उपसत होते. आणि इंग्रजांना लँकेशायरच्या गिरण्यांसाठी इजिप्तचा कापूस हवा होता.

पैसा लंडनहून आला. पैसे लावणारे सावध होते, त्यांनी आपले तज्ज्ञ नेमले. त्यांतले एक इंजिनिअर अॅकरमन आणि दुसरे प्राध्यापक चार्ल्स व्हर्नन बॉइज. बॉइज म्हणजे साबणाच्या फुग्यांवर गाजलेलं पुस्तक लिहिणारे भौतिकशास्त्रज्ञ. बॉइज यांनी सुचवलं, की पेटी आणि सपाट आरसे सोडून द्या आणि लांब पन्हळ करा. शाळेत भूमितीत अन्वस्त नावाचा वक्र शिकलेला आठवत असेल. त्या आकाराच्या आरशावर समोरून पडलेले सगळे किरण एकाच ठिकाणी, म्हणजे नाभीवर, येऊन मिळतात. आरसा पन्हळीसारखा लांब केला की नाभीचा बिंदू न राहता रेघ होते. त्या रेघेवर बॉयलर ठेवला की त्याला दोन्हीकडून आणि खालून ऊन मिळतं. पन्हळ उत्तर-दक्षिण ठेवायची आणि दिवसभरात पूर्वेकडून पश्चिमेकडे हळूहळू कलती करत न्यायची. एकाच दिशेने फिरवायची असल्यामुळे यंत्रणा सोपी.

यात शूमनचा स्वभाव मला आवडला. चार-पाच वर्षं स्वतःच्या हाताने घडवलेली रचना दुसऱ्याने येऊन बदलायला सांगितली. आमच्या क्षेत्रात कोणाच्या कोडमध्ये दोन ओळी बदलायला सांगितल्या तरी तासभर वाद होतो. शूमनने ती सूचना मान्य केली आणि पन्हळी बांधायला घेतल्या. पुढे १९१७ मध्ये त्या बॉयलरच्या रचनेचं पेटंट निघालं, ते बॉइज आणि शूमन अशा दोघांच्या नावावर.

मआदीचं काम सोपं झालं नाही. १९१२ मध्ये पहिल्यांदा संयंत्र चालवून पाहिलं तेव्हा वेगळीच पंचाईत झाली. बॉयलर जस्ताचे होते. आरशांनी अपेक्षेपेक्षा इतकी उष्णता दिली की जस्त मऊ पडून बॉयलर लोंबायला लागले. इजिप्तच्या उन्हाचा हिशेब टॅकोनीच्या उन्हावरून करता येत नाही, हे तेव्हा कळलं. जस्त काढून बिडाचे बॉयलर बसवले आणि त्यात वर्ष गेलं. म्हणून पाहुण्यांना बोलवायला १९१३ चा जुलै उजाडला.

पण नंतर ते चाललं, आणि चांगलं चाललं. आरशांचं एकूण क्षेत्रफळ १२०० चौरस मीटरच्या थोडं वर. त्यावर पन्नास-साठ अश्वशक्तीचं काम मिळत होतं आणि मिनिटाला २२ हजार लिटरहून जास्त पाणी नाईलमधून शेतात जात होतं. मराठवाड्याच्या भाषेत सांगायचं तर दर मिनिटाला दहा हजार लिटरचे दोन टँकर! सुरुवातीचा खर्च कोळशाच्या इंजिनापेक्षा जास्त होता, हे शूमन लपवत नव्हता. पण कोळशाच्या इंजिनाला रोज खायला घालावं लागतं, याला काही घालावं लागत नाही. त्यामुळे इजिप्तमधल्या कोळशाच्या भावाने हा जास्तीचा खर्च थोड्या वर्षांत भरून निघतो, हे त्याचं गणित होतं. सूर्य मावळल्यावर काय, याचाही विचार त्याने केला होता. दिवसा गरम झालेलं पाणी उष्णता न जाऊ देणाऱ्या टाकीत साठवून रात्री वापरायचं. आमच्याकडचं वितळलेलं मीठ म्हणजे या टाकीचाच पणतू.

पाहुण्यांत सगळ्यात वजनदार माणूस होता लॉर्ड किचनर. होय, तोच किचनर, जो भारतात सरसेनापती असताना लॉर्ड कर्झनशी भांडला होता. आता तो इजिप्तमध्ये इंग्रज सरकारचा प्रतिनिधी होता. मआदी पाहून त्याने सुदानमधली तीस हजार एकर कापसाची जमीन शूमनच्या योजनेसाठी देऊ केली. जर्मनांनाही मोह पडला. त्यांच्या संसदेपुढे शूमनने आपली योजना मांडली आणि आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत असंच केंद्र उभारायला पैसे मंजूर झाले. शूमनची स्वप्नं आता पाच पन्हळींत मावेनात. सहाराच्या वाळवंटात सुमारे वीस हजार चौरस मैल आरसे मांडले तर १९०९ साली जगभरात खणून काढलेल्या सगळ्या इंधनाइतकी शक्ती मिळेल, असा हिशेब त्याने मांडला. वीस हजार चौरस मैल म्हणजे महाराष्ट्राचा साधारण सहावा हिस्सा.

इथे एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. ज्या शेतात हे पाणी जात होतं, त्या शेतात राबणाऱ्या इजिप्शियन शेतकऱ्याला कोणी काही विचारलं नव्हतं. जमीन कोणाची, कापूस कोणाचा, भाव कोणाच्या हातात, हे लंडनमध्ये ठरत होतं. सुदानच्या तीस हजार एकरांचंही तेच. आपल्याकडच्या कापूस पिकवणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. सूर्य सगळ्यांचा असला तरी त्यावर चालणारा पंप कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न तेव्हाही होता. शूमनने तो स्वतःला विचारल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

मग १९१४ चा उन्हाळा आला. जूनमध्ये ब्रिटिश सरकारने इराणच्या तेल कंपनीत मोठा हिस्सा विकत घ्यायचं ठरवलं, कारण आरमार कोळशावरून तेलावर न्यायचं होतं. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. मआदीला काम करणारे इंजिनिअर युद्धाच्या कामासाठी आपापल्या देशांत परतले. किचनर लंडनला युद्धमंत्री झाला आणि १९१६ मध्ये जहाजाबरोबर समुद्रात बुडाला. जर्मनीच्या वसाहती गेल्या आणि त्यांच्याबरोबर तो मंजूर झालेला पैसाही. मआदीचे आरसे आणि सांगाडे मोडीत निघाले. ज्या धातूने वर्षभर शेताला पाणी पाजलं, तो युद्धाच्या गरजेला गेला. २८ एप्रिल १९१८ रोजी, युद्ध संपायच्या साडेसहा महिने आधी, फ्रँक शूमन टॅकोनीत वारला. वय ५६. दुसरं केंद्र उभारायची संधी त्याला मिळाली नाही. शेवटच्या वर्षांतही सूर्यशक्तीचा धंदा उष्ण देशांत परवडतो हे आपण सिद्ध केलं आहे, या मतावर तो ठाम होता. आणि तो बरोबर होता.

हेच मला सगळ्यात जास्त लागलं. आम्हा इंजिनिअर लोकांची अशी श्रद्धा असते की गोष्ट नीट बनवली, हिशेब जुळला, की ती जगात टिकणारच. शूमनचं यंत्र नीट होतं, हिशेब जुळत होता, जागा बरोबर निवडली होती. तो वाळवंटात हरला नाही, उन्हातही हरला नाही. त्याचा हिशेब कोळशाच्या भावावर उभा होता आणि मध्येच तेल आलं. तेल स्वस्त होतं, बोटीत भरून कुठेही नेता येत होतं, आणि त्याच्यामागे सरकारं आणि आरमारं उभी होती. त्यानंतर पन्नासेक वर्षं सूर्याकडे कोणी धंदा म्हणून फारसं पाहिलं नाही. त्याच तेलाने पुढे हा आखाती किनारा बदलला. अबूधाबीत १९५८ मध्ये तेल सापडलं, दुबईत १९६६ मध्ये. आपल्या रत्नागिरी-रायगडच्या माणसांपासून ते माझ्यासारख्या पुण्याच्या कॉलेजातून आलेल्या मुलांपर्यंत हजारो मराठी घरांची चूल त्या तेलावर पेटली. शूमनच्या पन्हळी ज्याने मोडल्या, त्याच पैशातून आज इथल्या वाळवंटात पन्हळी उभ्या राहत आहेत. मला यात उपरोध दिसतो, तसं थोडं देणंही दिसतं.

पन्हळ परत आली ती १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९८४ ते १९९० मध्ये पन्हळींची नऊ केंद्रं उभी राहिली, एकूण ३५४ मेगावॉटची. तेल पुन्हा उतरलं तशी ती उभारणारी कंपनी १९९१ मध्ये बुडाली, केंद्रं मात्र चालत राहिली. २०१६ मध्ये मोरोक्कोत वारझझातला १६० मेगावॉटचं पन्हळींचं केंद्र सुरू झालं. म्हणजे शेवटी सहाराच्या कडेला आरसे लागलेच. खुद्द इजिप्तमध्ये मआदीपासून दक्षिणेला, कुरायमातला, २०११ पासून गॅसबरोबर सूर्याच्या पन्हळीही चालतात, सूर्याचा वाटा २० मेगावॉट. त्याहून खाली अस्वानजवळ बेनबानला तर सुमारे ३७ चौरस किलोमीटरवर पॅनेल पसरली आहेत. आपल्या राजस्थानातलं भडला २२४५ मेगावॉटचं. आता पॅनेल इतकी स्वस्त झाली आहेत की आरशांची पन्हळ त्यांच्यापुढे महाग पडते. तिची जागा उरली आहे ती मुख्यतः रात्रीसाठी उष्णता साठवायला. शूमन असता तर त्याने कदाचित आरशांचा हट्ट धरला नसता. एक अश्वशक्ती कितीला पडते, हेच त्याने पुन्हा विचारलं असतं आणि पॅनेल लावली असती.

आणि बहुधा पंपही लावला असता. कारण मआदीला वीज झालीच नव्हती, तिथे फक्त पाणी उचललं गेलं. महाराष्ट्रात आज ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत तीन, पाच, साडेसात एचपीचे पंप बसतात. जालना जिल्ह्यात माझ्या काकांच्या कपाशीच्या शेतात असाच पाच एचपीचा पंप आहे. आधी शेतीची लाईट रात्री यायची. थंडीत बॅटरी घेऊन, पायाखाली साप-विंचू बघत काका मोटर चालू करायला विहिरीवर जायचे आणि घरात काकू जागी राहायची. आता पाणी दिवसा सुरू होतं. ढगाळ दिवसात जोर कमी येतो, पॅनेलवरची धूळ पुसावी लागते, बिघाड झाला की दुरुस्तीवाल्याची वाट पाहावी लागते, या तक्रारी काका करतात आणि त्या खऱ्या आहेत. पण पंप त्यांच्या विहिरीवर आहे, जमीन त्यांची आहे आणि कधी सुरू करायचा हे त्यांचं तेच ठरवतात. शूमनच्या पाच प्रचंड पन्हळींची सगळी ताकद काकांच्या पंपासारख्या दहा-अकरा पंपांइतकी भरेल. मआदीच्या शेतकऱ्याकडे पंपाची मालकी नव्हती, इथे ती आहे. मला हा फरक मेगावॉटच्या आकड्यांपेक्षा मोठा वाटतो.

मआदी आज कैरोचं झाडांनी भरलेलं, सुखवस्तू उपनगर आहे. माझा एक सहकारी तिथलाच. शूमनचं नाव त्याने ऐकलं नव्हतं. आम्ही दोघांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मिळून जुने फोटो पाहिले. काळे-पांढरे, थोडे पुसट. आरशांच्या रांगा, मधून जाणारी वाट, बाजूला उभी माणसं. त्याने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि आईला पाठवला. मी बाबांना पाठवला. बाबांचं उत्तर आलं ते एकाच प्रश्नाचं. बिडाच्या बॉयलरमध्ये वाफेचा दाब किती होता, ते त्यांना हवं होतं. दाब साध्या हवेच्या दाबाइतकाच होता, हे मी त्यांना कळवलं. पुढे अर्धा तास आमचं फोनवर त्यावरच बोलणं झालं.